बल्ब पेटला नाही, म्हणजे यंत्र सुरक्षित?

मुळशी तालुक्यातील उरवडे येथे 7 जून 2021 रोजी रासायनिक कारखान्याला आग लागून 17 कामगारांचा मृत्यू झाला. त्यात बहुतेक महिला होत्या. त्यानंतर कारखान्यांच्या सुरक्षा तपासणीवर बरेच बोलले गेले. आज या परिसरात गृहसंकुले आणि बंगलेही वाढत आहेत. घरोघरी विजेवर चालणारी यंत्रे आहेत आणि काही घरांत सोफा-गालिचा धुण्याचे यंत्रही आले आहे. ती बिघडतात, दुरुस्त होतात; पण दुरुस्तीनंतर त्यांची सुरक्षा तपासली का, हे सहसा कोणी विचारत नाही.

गालिचा धुण्याचे यंत्र पाणी फवारते आणि मळलेले पाणी लगेच ओढून घेते. त्या पाण्यापासून थोड्याच अंतरावर 230 व्होल्टवर चालणारी मोटर असते. टाकीतला फ्लोट अडकला किंवा सील झिजले, की फेसाळ पाणी मोटरीत शिरते. कार्बन ब्रशची साचलेली धूळ ओली झाली, तर विजेला बाहेर पडायला वाट मिळते. वापरणारा माणूस त्या वेळी ओल्या गालिच्यावर, बहुधा अनवाणी उभा असतो.

शरीरातून साधारण 1 मिलिअँपिअर वीज गेली तर झिणझिण्या जाणवतात. 10 मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. 30 च्या पुढे जिवाचा धोका सुरू होतो. हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या त्वचेमुळे शरीराचा रोध 1,000 ओहमपर्यंत उतरला, तर 230 व्होल्टवर 230 मिलिअँपिअर वीज वाहू शकते.

दुरुस्तीच्या दुकानांत मात्र अनेकदा सिरीज लॅम्पवरच भरवसा असतो. 100 वॅटचा बल्ब पूर्ण पेटायला 400 हून अधिक मिलिअँपिअर लागतात. 20-30 मिलिअँपिअरच्या गळतीने त्याची तार लालही होत नाही. म्हणजे माणसाला मारू शकणारी गळती या बल्बला दिसतच नाही. निऑन टेस्टरही गळती किती आहे, हे सांगत नाही.

खरी तपासणी फार महाग किंवा अवघड नाही. आधी वायर, प्लग आणि वायरची पकड डोळ्यांनी पाहावी. तीन पिनांचे यंत्र असेल, तर प्लगच्या अर्थ पिनेपासून धातूच्या भागापर्यंतचा रोध अगदी कमी, एक ओहमच्याही बराच खाली हवा. मग यंत्राचा स्विच चालू स्थितीत ठेवून 500 व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन मोजावे. अर्थिंगच्या यंत्राला किमान 1 मेगओहम, तर चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेल्या दुहेरी इन्सुलेशनच्या यंत्राला किमान 2 मेगओहम, ही सर्वसाधारणपणे मानली जाणारी मर्यादा आहे. शेवटी यंत्र पाण्यासह चालवून गळती मोजावी. कोरडे असताना पास झालेले यंत्र ओले झाल्यावर नापास होऊ शकते.

केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केले. त्याचा भर सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि सेवा केंद्रे यांवर आहे. घरगुती विद्युत उपकरणांच्या सुरक्षिततेसाठी 2025 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेशही निघाला. पण असा आदेश वस्तू बाजारात येताना लागू होतो. पाच वर्षे वापरून, उघडून, पुन्हा जोडलेले यंत्र त्याच्या कक्षेबाहेरच राहते. दुरुस्तीचा हक्क मिळत असेल, तर दुरुस्तीनंतरच्या चाचणीची जबाबदारीही त्याच धोरणात लिहायला हवी.

तोवर ग्राहकाने बिलावर मेगरचे रीडिंग लिहून मागावे. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र आरसीसीबी हा शेवटचा बचाव आहे. गळती दुकानातच पकडली गेली पाहिजे, आणि ‘यंत्र चालू झाले’ म्हणजे दुरुस्ती पुरी झाली, ही समजूत सोडली पाहिजे.