रियाज नव्हे, नेम

'रियाज' हा शब्द आपल्याकडे फार आदराने उच्चारला जातो, आणि आमच्या मते नवशिक्याचे पहिले नुकसान तिथेच होते. या शब्दाच्या अरबी मुळाला कष्टसाधनेची, तपश्चर्येची छटा आहे. मराठीत येताना ती गळून पडली नाही; पहाटेपासून आठ-आठ तास सूर लावणाऱ्या गवयांच्या आख्यायिकांनी ती अधिकच गडद झाली. भीमाशंकरच्या पायथ्यापासून जुन्नरपर्यंतच्या एखाद्या घरात कांद्या-टोमॅटोच्या पैशांतून मुलासाठी गिटार येते, तेव्हा ही आख्यायिकाही तिच्यासोबत येते. पहिल्या रविवारी तो तीन तास बसतो. पोलादी तारांनी डाव्या हाताची बोटे हुळहुळी होतात, पुढचे चार दिवस वाद्याला हात लागत नाही, आणि 'आपल्यात ती चिकाटीच नाही' असा निकाल तो स्वतःविरुद्ध देऊन टाकतो. वस्तुतः बोटांची टोके रोजच्या थोड्या घर्षणाने काही आठवड्यांत निबर होतात. एकाच बैठकीत ती केवळ दुखावतात. येथे दोष चिकाटीचा नसून आदर्शाचा आहे.

मग आदर्श कोणता? आमच्याच जुन्नर तालुक्यातले नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांची कला फडात घडली. परंतु फडातल्या मुलाला रोज रात्री बोर्डावर उभे राहावे लागते. वेगळ्या सवयीची गरजच नसते. खोलीत एकट्याने गिटार छेडणाऱ्याला हा धाक आणि हे भाग्य, दोन्ही नाही.

त्याच्या अधिक जवळचा आदर्श आहे तो गावच्या देवळातला हरिपाठ. ओतूर-आळ्याच्या या वारकरी मुलखात तो कुणाला समजावून सांगायला नको. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, लांबी आटोपशीर. आज मन लागते आहे काय, असे कुणी विचारत नाही. मागे बसलेल्या पोराचा मृदंगावरचा ठेका चुकतो. त्याच्यासाठी हरिपाठ थांबत नाही, आणि त्याला उठवूनही लावले जात नाही. याला आपल्याकडे रियाज म्हणत नाहीत, नेम म्हणतात. नवशिक्याला हवा तो नेम.

दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटे. आधी तारा सुरात लावाव्यात, मग एकच काम: समजा, सी कॉर्डवरून जी कॉर्डवर जाणे, मेट्रोनोमच्या संथ ठोक्यावर. पूर्ण गाण्याचा मोह त्या वेळेपुरता बाजूला. (वाद्य भिंतीवर डोळ्यांसमोर टांगा, असा सल्ला सर्रास दिला जातो. जुलैत भीमाशंकरच्या परिसरात धुके घरात शिरते, लाकूड ओल धरते, तारा गंजतात. तिथे वाजवून झाल्यावर तारा पुसून गिटार पिशवीत ठेवणेच शहाणपणाचे. मात्र पिशवी पलंगाखाली ढकलू नये.)

विल्यम जेम्सने १८९० मध्ये बजावले होते की नवी सवय रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नये. लंडनमध्ये फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास (२०१०) या बाबतीत अधिक दयाळू आहे. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, पण व्यक्तिपरत्वे तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्या सवयी पाणी पिण्यासारख्या सोप्या होत्या, हे विसरता कामा नये. गिटारला बहुधा अधिकच वेळ द्यावा लागेल.

यावर आक्षेप येईल की अशाने कला म्हणजे हजेरीपट होईल. हजेरीपटाशी आमचा रोजचाच संबंध असल्याने हा आक्षेप आम्हांला बोचतो. तरीही तपश्चर्या ही वाद्याने आधीच पछाडलेल्याने करायची गोष्ट आहे. पछाडले जाण्याआधीच वाद्य अडगळीत गेले, तर पुढचा प्रश्नच मिटला.

आपल्याकडे चातुर्मासात नेम धरण्याची रीत आहेच. आषाढी एकादशीला आरंभ केला, तर सहासष्टावा दिवस गणपती विसर्जनानंतर लगेच येतो, आणि कार्तिकीपर्यंत जवळजवळ दोन महिने हाती उरतात. मध्ये भाताची आवणी येईल. दिवसभर चिखलात वाकून आलेल्या पोराचा एखादा दिवस बुडेल. तो बुडू द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून अर्धा तास मात्र बसू नये, पंधराच मिनिटे बसावे.