जटायूचे ऋण

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद हे स्थान आहे. सीतेच्या रक्षणासाठी रावणाशी झुंजलेला जटायू येथेच कोसळला आणि प्रभू रामचंद्रांनी स्वहस्ते त्याचे अंत्यसंस्कार केले, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. एका गिधाडाला पित्याचा मान देणारी ही भूमी! मात्र याच भूमीत १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांमागे एक उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही जवळपास हीच गत झाली. आणि समाज म्हणून आपल्याला त्याची खबरही नव्हती. वाघ कमी झाले की संसदेत प्रश्न विचारले जातात. गिधाड मात्र घरावर बसले तर अशुभ, आणि कोणाचा लोभ वर्णायचा तर त्याची उपमा! ते दिसेनासे झाले, याचे दुःख कोणाला होणार?

भावनेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू आणि सृष्टीचा जमाखर्च पाहू. या खात्यात जमा एकच आहे, सूर्यप्रकाश. गवताच्या पात्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे एक टक्काच ऊर्जा वनस्पतीला अन्नरूपाने साठवता येते. ते गवत गाय किंवा हरीण खाते, तेव्हा त्यातील बहुतेक ऊर्जा श्वासोच्छ्वास, हालचाल आणि शरीराची ऊब यांत खर्ची पडते. मांसरूपाने शिल्लक राहतो तो ढोबळमानाने दहावा हिस्सा. हरणाकडून वाघाकडे जाताना पुन्हा तीच गळती. अमेरिकेतील रेमंड लिंडमन या तरुण संशोधकाने मिनेसोटातील एका लहानशा तळ्याचा अभ्यास करून हा हिशेब १९४२ मध्ये शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. दुर्दैवाने तो निबंध छापून येण्यापूर्वीच, वयाची सत्तावीस वर्षे पूर्ण होण्याआधी त्याचे निधन झाले. गवत अमाप, हरणे शेकड्यांनी आणि वाघ मात्र मोजके असे का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

शाळेत आपण येथपर्यंत शिकतो आणि थांबतो. पण प्रत्येक प्राणी काही वाघाच्या तोंडी जात नाही. म्हातारपणाने, रोगाने, अपघाताने मरणारे असंख्य असतात. आपल्या देशात तर गुरे मोठ्या संख्येने दावणीलाच अखेरचा श्वास घेतात. वर्षानुवर्षे खाल्लेल्या चाऱ्यातून त्या देहात साठलेल्या ऊर्जेचा वारस कोण?

हजारो वर्षे हा वारस गिधाड होते. गावाच्या वेशीबाहेर मेलेले जनावर टाकले की आकाशात एक ठिपका दिसे, पाहता पाहता थवा उतरे आणि तासाभरात केवळ सांगाडा उरे. गिधाडाच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक घातक रोगजंतू नष्ट होतात. कातडे कातडी कमावणाऱ्यास मिळे, स्वच्छ हाडे गोळा करून विकणाऱ्यांचे संसार त्यावर चालत आणि उरलेले मातीत मिसळून पुन्हा गवताच्या मुळाशी जाई. वेतन न घेता, सुट्टी न मागता चालणारी ही सफाईची व्यवस्था होती.

ती मोडली कशाने? भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडे माना टाकून मरत असल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात निदर्शनास आणले. प्रथम संशय एखाद्या अज्ञात रोगाचा होता. २००४ मध्ये पाकिस्तानात संशोधन करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खरे कारण शोधले. ते होते डायक्लोफिनॅक, गुरांना दिले जाणारे एक स्वस्त वेदनाशामक. औषध दिल्यानंतर लवकरच दगावलेल्या गुराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांत ते मरे. शंभर मृत गुरांत एकाहूनही कमी गुरे अशी विषारी असली, तरी एवढा संहार घडू शकतो, असे अभ्यासकांचे गणित सांगते. कारण एका जनावरावर डझनावारी गिधाडे जेवतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. झालेली हानी भरून निघणार कशी?

येथे खलनायक शोधू गेल्यास सापडणार नाही. शेतकऱ्याने आपल्या गाईची वेदना कमी व्हावी म्हणून दिलेले ते औषध होते. हेतू करुणेचा, परिणाम संहाराचा! जीवसृष्टीच्या जाळ्यातील एक धागा ओढला की कोठे काय उसवेल, हे न जाणता केलेली करुणाही महागात पडते.

आणि किंमत केवळ गिधाडांनी मोजली नाही. मृत देहातील ऊर्जा वारसाची वाट पाहत पडून राहत नाही. गिधाड नसेल, तर ती दुसऱ्याच्या पोटात जाते. ती भटक्या कुत्र्यांकडे, उंदरांकडे आणि रोगजंतूंकडे गेली. कुत्री वाढली तशी रेबीजची भीती वाढली आणि कुजणाऱ्या जनावरांमुळे पाणवठे दूषित झाले. अर्थशास्त्रज्ञ इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख अधिक माणसे दगावली, असा त्यांचा अंदाज आहे. मुंबईच्या डुंगरवाडीवर तर पारशी बांधवांना आपल्या शतकानुशतकांच्या अंत्यविधीसाठी सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला.

शासनाने २००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित केला. किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक ही तशीच घातक औषधे २०२३ मध्ये गुरांसाठी बंद झाली. हरियाणातील पिंजोर येथे वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये आपल्या ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण गोठ्यात कोणती सुई टोचली जाते, हे दिल्लीतून दिसत नाही. ते गावातूनच दिसते.

म्हणून हे काम गावोगावच्या गोशाळांचे, गोसेवकांचे आणि कार्यकर्त्यांचे आहे. पशुवैद्याला सरळ विचारावे, ‘हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे का?’ मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय आहे, त्याचा आग्रह धरावा. घातक औषध दिलेले जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. जेथे गिधाडांची घरटी अजून टिकून आहेत, तेथे निर्धोक मृत गुरे त्यांच्यासाठी राखावीत. यासाठी मोठा निधी लागत नाही, लागते ती जागरूकता.

आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते, असे म्हणून समाधान मानणे सोपे आहे. त्यांनी जटायूची कथा आपल्या हाती दिली हे खरे, पण कथेची पूजा करून कथानायकाचे वंशज विषाने मरू देणे, ही कसली भक्ती? गाईचे आपण पाईक आहोतच. तिच्या देहाची अखेरची सेवा करणाऱ्या पक्ष्याचेही आपण देणे लागतो. रामचंद्रांनी जटायूला अखेरचा निरोप दिला. त्याच्या वंशजांना निरोप देण्याची वेळ आपल्या पिढीवर येऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.