नव्या गिटारचं म्हातारपण

फाटकी जीन्स चांगल्या जीन्सपेक्षा महाग मिळते, हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. त्यामुळे एका रविवारी सकाळी तिने मला बाल्कनीत करकरीत नवी इलेक्ट्रिक गिटार पॉलिश पेपरने घासताना पाहिलं, तेव्हा ती माझ्याशी काहीच बोलली नाही. चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि आत जाऊन बाबांना म्हणाली, ‘‘अहो, याच्या लग्नाचं जरा मनावर घ्या.’’

तर मंडळी, या उद्योगाला गिटारवाले ‘रेलिक’ करणं म्हणतात. नवी कोरी गिटार घ्यायची आणि ती चाळीस वर्षं स्टेजवर घाम पिऊन आल्यासारखी दिसेल अशी तिची वाट लावायची. हसू नका, यात मोठमोठी माणसं आहेत. १९९५ साली अमेरिकेत फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम जुनाट केलेल्या गिटारी दाखवल्या आणि पब्लिकने त्या अक्षरशः उचलल्या. सुरुवातीचं घासकाम विन्स कुनेटो नावाच्या कारागिराकडे होतं. पुढे म्हातारपणाच्या पायऱ्याही ठरल्या. एक दुकानातून आजच आणल्यासारखी, एक वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिल्यासारखी आणि एक भरपूर मार खाल्लेली. जितकी जास्त मारझोड, तितकं बिल मोठं!

माझ्या डोक्यात मात्र एकच गिटार होती. आयरिश ब्लूजवाला रोरी गॅलाघर याची १९६१ ची स्ट्रॅटोकास्टर. १९६३ साली कॉर्कमधल्या एका दुकानातून त्याने ती शंभर पौंडांना सेकंडहँड घेतली. मध्ये चोरीला गेली, पावसात भिजलेली परत मिळाली, आणि पठ्ठ्या ती शेवटपर्यंत वाजवत राहिला. अंगावरचा सनबर्स्ट रंग जवळजवळ सगळा गेलेला, खालचं लाकूड उघडं. २०२४ साली लंडनच्या लिलावात ती जवळजवळ नऊ लाख पौंडांना गेली. रोरी वारला ते सालही १९९५ च. म्हणजे ज्या वर्षी खरी झिजवणारा गेला, त्याच वर्षी झिजवून देणाऱ्यांचं दुकान थाटलं.

मी काय केलं, तर तिचे फोटो प्रिंट काढून भिंतीला चिकटवले आणि माझी अठरा हजारांची सनबर्स्ट गिटार आडवी घातली.

पहिलाच घाव चुकला. चाव्यांचा जुडगा घेऊन कडेवर दणादण मारला, तर लाकूड दिसायच्या ऐवजी नेलपेंट उडावं तसे जाडजूड टवके निघाले. मग अभ्यास केला (तो आधी करायचा असतो, हे माहीत आहे). जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर असायचा. तो हळूहळू पिवळा पडतो, थंडी-उन्हात आकसतो-फुगतो आणि त्याला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा जातात. आजच्या स्वस्त गिटारींवर असतो पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. जाड, कडक आणि प्लॅस्टिकसारखा ठणठणीत. तो म्हातारा होत नाही, फक्त फुटतो. त्यामुळे तुमची गिटार पॉलीवाली असेल तर चाव्या, हातोडी वगैरे मर्दुमकी विसरा. आधी पॉलिश पेपर, मग त्याहून बारीक पेपर, तोंडाला मास्क आणि भरपूर सुट्ट्या. माझे सहा रविवार गेले.

धातूच्या भागांचं काम जास्त मजेदार. ब्रिज, स्क्रू वगैरे काढायचे, झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचे, शेजारी वाटीत पांढरं व्हिनेगर. भाग व्हिनेगरमध्ये बुडवायचे नाहीत, नुसती वाफ लागू द्यायची. एक-दोन दिवसांत स्क्रूंना गंज चढतो आणि निकेलची चमक उतरते. क्रोम मात्र भलतंच मानी आहे, ते लवकर दाद देत नाही. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात सगळं धुवायचं आणि कोरडं करायचं. काही शूरवीर व्हिनेगरच्या जागी संडासचं अॅसिड वापरतात. तुम्ही वापरू नका. त्याची वाफ छातीत जाते आणि जाता जाता खिडकीच्या ग्रिललाही गंजवते. पिकअप्स तर कुठल्याच वाफेत घालायचे नाहीत. आतली तांब्याची तार केसासारखी असते, ती तुटली की गिटार मुकी. स्टील वूलने घासणार असाल तर पिकअप्सवर मास्किंग टेप लावा, नाहीतर लोखंडाचा भुगा त्या चुंबकांना असा चिकटतो की विचारू नका. मी विचारलं नव्हतं, म्हणून सांगतोय.

पांढरी प्लॅस्टिकची बटणं दोन रात्री कोऱ्या चहात ठेवली. जरासा रंग आला. उरलेलं काम ब्राउन बूट पॉलिशने केलं. तिकडे मोठ्या प्रेमाने मळवलेला ब्रिज मी ओट्यावर वाळत ठेवला होता. संध्याकाळी येऊन बघतो तर तो लखलखतोय! आईने भांड्यांची पावडर लावून, चिंध्यांनी घासून, वर कोरडा पुसून ठेवलेला. ‘‘किती काळा पडला होता रे,’’ म्हणाली. परत व्हिनेगर.

या सगळ्या खटाटोपात खरोखर उपयोगाची गोष्ट एकच होती, ती म्हणजे नेकची मागची बाजू. तिथली चकाकी बारीक पेपरने उतरवली की घामट हात चिकटत नाही, अंगठा सरसर फिरतो. एवढं एकच करायचं असेल तरी करा, तासाभराचं काम आहे.

झकास दिसत होती हो ती. ऑफिसच्या पार्टीत नेली तेव्हा एकाने विचारलं, ‘‘जुनी दिसते?’’ मी नुसता हसलो. हे हसणं लक्षात ठेवा. अजून एक कबुली देतो. हेडस्टॉकच्या मागचा सीरियल नंबर घासताना शेवटचे आकडे ‘चुकून’ गेले होते.

आठ-नऊ महिन्यांनी मला दुसरीच गिटार आवडली (गिटारवाल्यांचा हा आजार बरा होत नाही), म्हणून ही विकायला काढली. नाशिकहून एक मुलगा आला. विशीतला, पहिल्या नोकरीचे तीन पगार साठवलेला. गिटार त्याने लहान बाळ घेतात तशी उचलली. उजेडात धरली, बोटाने कडा चाचपल्या आणि हळूच विचारलं, ‘‘दादा, ही सत्तरच्या दशकातली आहे का?’’

मी जाहिरातीत कुठेही साल लिहिलं नव्हतं. ‘जुना लूक’ एवढंच लिहिलं होतं. तो घासाघीसही करत नव्हता. पाकीट बाहेर काढून बसला होता. गप्प राहिलो असतो तर खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. अर्धा कप चहा होईपर्यंत मी खरंच गप्प राहिलो. मग म्हटलं, ‘‘नाही रे. गेल्या वर्षीची आहे. मीच घासलीय, या बाल्कनीत.’’

त्याचा चेहरा उतरला. पण हातातली गिटार त्याने खाली ठेवली नाही. उलटी केली आणि नेकवरून अंगठा फिरवत राहिला. मग थांबला.

‘‘इथे मात्र खरी वापरलेली आहे.’’

मी वाकून पाहिलं. मी मॅट केलेल्या नेकवर हेडस्टॉकजवळ एक गुळगुळीत पट्टा परत चकाकत होता. रोज अंगठा फिरून फिरून पॉलिश झालेला. सहा रविवारांच्या कारागिरीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच.

‘‘पण दादा,’’ तो म्हणाला, ‘‘हे तिसऱ्या फ्रेटपर्यंतच आहे. तुम्ही त्याच्या पुढे वाजवतच नाही का?’’

काय सांगणार? मला जी, सी, डी आणि जेमतेम ई मायनर येतो. रोरी गॅलाघरची झीज अंगावर घेऊन ती बिचारी वर्षभर पहिल्या तीन फ्रेटवर बसून होती.

मी आपण होऊन तीन हजार कमी केले. त्याने पैसे मोजून दिले, पेपर कुठल्या नंबरचा वापरला ते विचारून मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि बॅग पाठीला लावली. जिन्याच्या पहिल्याच वळणावर हेडस्टॉक कठड्यावर खाडकन आपटलं. माझ्या काळजात धस्स झालं.

खालून आवाज आला, ‘‘जाऊ द्या दादा, कळणार कुणाला?’’