खारपाणपट्ट्यातल्या मुलांना पाण्याचा धडा कसा शिकवावा?



पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं आपण मुलांना शिकवतो. शुद्ध पाण्यापुरतं ते खरंच आहे. पण दर्यापूर, अकोट, तेल्हारा भागात असं म्हटलं की एखादं पोरगं म्हणणारच, "सर, आमच्या बोरचं पानी तं खारं लागते!" त्याला गप्प बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. परिसर अभ्यास तिथूनच सुरू होतो.

ही चव येते कुठून? पाणी ज्या खडकातून, मातीतून झिरपतं, तिथले क्षार विरघळवून घेतं. सातपुड्याकडे काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम मिळतं. पाणी जड होतं, साबणाला फेस कमी येतो. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र गाळाचे जाड थर आहेत. चिकण मातीतून पाणी हळूहळू सरकतं, त्यात आपल्याकडचं कडक ऊन. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा खारपाणपट्टा पसरला आहे.

ऋतूचाही फरक पडतो. पावसाळ्यात नदीत पावसाचं पाणी मिसळून क्षारांचं प्रमाण कमी होतं, उन्हाळ्यात नदी आटली की ते वाढतं.

हे मुलांना कळणं का गरजेचं? कारण पाणी उकळलं की सगळं शुद्ध झालं, असं घरोघरी समजतात. उकळल्याने जंतू मरतात, पण मीठ जात नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालतात. हे डोळ्यांनी दिसत नाही, तपासावंच लागतं. शेतात खारं पाणी देत राहिलं तर काळी जमीनही कडक होते.

"पोर्शन पुरा होत नाही, हे कधी करायचं?" असं काही जण म्हणतील. मी म्हणतो, दहा मिनिटं द्या. तीन सारख्या स्टीलच्या ताटल्यांत पावसाचं, विहिरीचं आणि बोरचं पाणी प्रत्येकी दोन चमचे घ्या, उन्हात वाळू द्या. मागे किती पांढरं उरलं, ते मुलांनी वहीत लिहावं. चव मात्र घेऊ देऊ नका. हाच प्रयोग ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये करा. पालकांनी घरीही करावा.

ज्या पोराला आपलं पाणी खारं का, हे कळलं, ते उद्या ग्रामसभेत पाण्याचा तपासणी अहवाल मागेल.