अयादत झाली, तीमारदारीचे काय?

आजाऱ्याला भेटायला जाणे याला उर्दूत अयादत म्हणतात आणि त्याची सेवा करणे याला तीमारदारी. रमजानमध्ये आपण अयादतीला आवर्जून जातो, फळे देतो, दुआ करतो आणि इफ्तारीआधी घरी परततो. तीमारदार मात्र तिथेच असतो.

बरा न होणारा रुग्ण घरी असला की आपल्या शिरोड्यासारख्या गावात हा भार बहुधा एकाच बाईवर पडतो. कूस बदलणे, जखम धुणे, रात्रभर कण्हणे ऐकणे आणि पहाटे सहरीचा स्वयंपाक, सगळे तिनेच करायचे.

केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू केले. पुढे शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन रुग्णांच्या घरी जाऊ लागले. मुंबईच्या शांती अवेदना सदनाची शाखा जवळच गोव्यात लोटलीला आहे. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांना तिथे विनामूल्य ठेवतात. २०१४ च्या कायदादुरुस्तीने वेदनेवरील मॉर्फीनचे नियमही सोपे झाले. म्हणून डॉक्टरांना ‘दुखणे कमी करा’ असे स्पष्ट सांगावे. मुकाट कण्हत राहणे म्हणजे सबर नव्हे.

असाध्य आजाऱ्याला रोजा माफ आहे. अल्लाहने ज्या घरावर ओझे टाकले नाही, तिथल्या तीमारदारावर आपण ते का टाकावे? मोहल्ल्यातल्या चार घरांनी वार वाटून घ्यावेत. एकाने डबा द्यावा, एकाने औषधे आणावीत. बायकांनी दोन तास उशाशी बसून म्हणावे, ‘आपा, तुम्ही जरा झोपा, आम्ही आहोत.’