अग्निशामकाचे घर आणि प्रायोगिक उपचाराची आशा

४ मे हा संत फ्लोरियन ह्यांचा स्मरणदिन. इ. स. ३०४ मध्ये ह्या रोमन अधिकाऱ्याला श्रद्धेपायी आजच्या ऑस्ट्रियातील एन्स नदीत बुडविण्यात आले. ते अग्निशामकांचे आश्रयदाते संत मानले जातात आणि त्याच तिथीला आंतरराष्ट्रीय अग्निशामक दिन पाळला जातो. परंतु ह्या जवानांना मृत्यू ज्वाळांतच गाठतो असे नाही. न्यूयॉर्क येथे ११ सप्टेंबर २००१ रोजी अग्निशमन दलातील ३४३ जणांनी प्राण गमावले. दलाचे चॅप्लेन, फ्रान्सिस्कन धर्मगुरू मायकल जज हेही त्यांच्यात होते. त्या ढिगाऱ्यातील विषारी धुळीमुळे जडलेल्या आजारांनी पुढे दगावलेल्यांची संख्याही २०२३ साली ३४३ वर पोहोचली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरविला. मेंदूच्या कर्करोगाचा संबंध मात्र तिला सिद्ध झालेला आढळला नाही. तरीही कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ साली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपल्या सेवेतील अग्निशामकांसाठी २०२२ साली, हा आजार व्यवसायातूनच झाला असे गृहीत धरणारा कायदा केला. शंकेचा फायदा जवानाच्या कुटुंबाला देणे हा न्यायच होय.

भरपाईने घरातील प्रश्न मात्र सुटत नाही. ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा अत्यंत घातक कर्करोग. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत किरणोपचाराला टेमोझोलोमाइड ह्या औषधाची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले. एवढ्या लहान अंतरासाठी विज्ञानाला किती झगडावे लागते! अशा वेळी पत्नी व मुले प्रायोगिक उपचाराकडे धाव घेतात, ह्यात नवल नाही. अमेरिकेत २०१८ साली झालेल्या कायद्याने, मान्यताप्राप्त उपचार संपलेल्या रुग्णाला पहिल्या टप्प्याची चाचणी पार केलेले औषध मागता येते. तथापि कंपनीवर ते देण्याची सक्ती नाही. हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाने बदल घडविलेल्या पोलिओ विषाणूच्या प्रयोगाचा अहवाल दिला. आजार उलटलेल्या ६१ रुग्णांपैकी सुमारे २१ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. जुन्या नोंदींतील तशाच रुग्णांत हे प्रमाण ४ टक्के होते. आकडा आशादायक खरा. पण तुलना जुन्या नोंदींशी होती आणि बहुसंख्य रुग्ण तोवर निवर्तले होते, हेही कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

ह्याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण काय? श्रद्धासिद्धांत मंडळाने १९८० साली सुखमरणाविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात ह्याचे उत्तर आहे. अन्य पुरेसा उपाय नसेल, तर रुग्णाच्या संमतीने, धोका असला तरी प्रायोगिक उपचार घेता येतो. असे करणारा रुग्ण मानवजातीची सेवाही करू शकतो. अपेक्षित गुण न आल्यास तो उपचार थांबविता येतो. तसेच धोकादायक वा फार जाचक उपचार घेण्याची सक्ती कोणावरही नाही. कुटुंबावर अवाजवी खर्चाचा भार पडू नये म्हणून नकार देणे म्हणजे आत्महत्या नव्हे.

म्हणजे येथे दोन्ही वाटा श्रद्धेच्या आहेत. प्रयोगाला होकार देणारा देवावर अविश्वास दाखवीत नाही आणि नकार देणारा प्रेमात उणा पडत नाही. पाप आहे ते खोटी आशा विकण्यात. म्हणून आपल्या धर्मग्रामात एखाद्या रुग्णासाठी मदतीचे आवाहन होईल, तेव्हा सढळ हाताने द्यावे. पण कुटुंबासोबत बसून काही प्रश्नही विचारावेत. हा प्रयोग नोंदणीकृत आहे काय? त्याचे निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले? औषधाचे पैसे रुग्णाकडूनच का घेतले जात आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे, रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे कोणी त्याला विचारले आहे काय? मेंदूच्या आजारात वाचा व विचारशक्ती क्षीण होण्याचे भय असते. म्हणून हा संवाद लवकर व्हावा.

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कारही अखेरच्या घटकेपर्यंत लांबवू नये. जो माणूस इतरांसाठी आगीत शिरला, त्याच्या खाटेपाशी आपण सत्य आणि सोबत, दोन्ही घेऊन बसले पाहिजे.