स्थिर म्हणजे नक्की काय?

‘प्रकृती गंभीर, पण स्थिर.’ एखादा मोठा नेता हॉस्पिटलमध्ये असला की टीव्हीच्या पट्टीवर हे वाक्य हमखास दिसतं. गंभीर आहे तर स्थिर कसा, असा प्रश्न पडतोच. पण इथे स्थिर म्हणजे बरा नव्हे. तब्येत आहे तशीच आहे, आणखी बिघडत नाहीये, एवढंच.

हाच शब्द प्रचारसभेत, बँकेत आणि आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातही भेटतो. इंग्रजीत त्यासाठी स्टेबल, कॉन्स्टंट, स्टॅटिक, स्टेडी असे वेगवेगळे शब्द आहेत. आपण बोलताना बहुतेकदा सगळ्यांना ‘स्थिर’ म्हणून मोकळे होतो. घोळ तिथेच होतो.

अकरावीतली गोटी आठवा. वाटीतली गोटी ढकलली तर इकडेतिकडे जाऊन परत तळाशी येते. ही स्टेबल. उपड्या वाटीच्या डोक्यावर ठेवलेली गोटीही हलत नसते, पण एक फुंकर मारली की गेली खाली! म्हणजे न हलणं वेगळं आणि धक्का पचवणं वेगळं.

आता रिझर्व्ह बँकेकडे बघा. तिचं काम प्राइस स्टेबिलिटी राखण्याचं, म्हणजे किमती स्थिर ठेवण्याचं. पण महागाईचं लक्ष्य शून्य नाही, ४ टक्के आहे. दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची सूट. महिन्याला ३,००० रुपयांची मेस पुढच्या वर्षी ३,१२० झाली, तर या हिशेबाने ते ‘स्थिर’च! कॉन्स्टंट मात्र नाही. शिवाय ही स्थिरता टिकवायला बँकेला स्वतः हलावं लागतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून थेट ६.५ टक्क्यांवर गेला. महागाई आवरायची म्हणून व्याजदर हलवला. एज्युकेशन लोन फ्लोटिंग दराने घेतलेल्यांच्या घरी याची झळ पोहोचलीच.

राजकारणात तर हा शब्द आणखी निसरडा. २०१९ ला निवडून आलेल्या आपल्या विधानसभेने पाच वर्षांत तीन मुख्यमंत्री पाहिले: देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे आणि एकनाथ शिंदे. तरी पगार झाले, परीक्षा झाल्या, एसटी धावली. याला इंग्रजीत कंटिन्युइटी म्हणतात, आपल्याकडे सातत्य. बेल्जियममध्ये २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर तब्बल ५४१ दिवस नवं सरकारच बनलं नाही. काळजीवाहू सरकारने गाडा ओढला. सरकार डळमळीत असूनही कारभार चालू राहू शकतो, हे त्यातून दिसलं.

याच्या उलटही घडतं, आणि ते आपल्या दारात घडलं. मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास पावणेचार वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. फोडाफोडी नाही, अविश्वास ठराव नाही, सभागृहात गोंधळ नाही. वरवर बघितलं तर यापेक्षा स्थिर काय असणार? पण सभागृहच नव्हतं, तर गोंधळ होणार कुठे? गल्लीतला दिवा बंद पडला तर जाब विचारायला नगरसेवकच नव्हता. २०२२ च्या सुमारास ज्यांना अठरा पूर्ण झाली, त्यांनी नगरसेवकासाठी पहिलं मत दिलं तेव्हा ते बाविशीला टेकले होते. मीही त्यांच्यातलीच.

या शांततेला स्टेबिलिटी म्हणायचं की स्टॅग्नेशन, म्हणजे साचलेपण? गोटीची कसोटी लावून बघा. लोकांची नाराजी हाही एक धक्काच असतो. तो मतपेटीतून बसतो, माणसं बदलतात आणि व्यवस्था परत जागेवर येते. ही वाटीतली गोटी. धक्का बसण्याची वाटच बंद केली, तर गोटी हलत नाही हे खरं. पण ती वाटीत आहे की उपड्या वाटीवर, हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘आम्ही स्थिरता देऊ’ म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी दोन गोष्टी विचारा. स्थिर काय राहणार आहे: खुर्ची, किमती की आपले हक्क? आणि ते स्थिर राहावं म्हणून हलायचं कोणी?